शियाओ याओ वान: डिप्रेशनसाठी चिनी औषध घेऊन पाहिलंय का कुणी?

रेषेवरची मुंगी
शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

मी सिंगापूरला असते. मागच्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं, तेव्हापासून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम रोज. गोळीने गुण आला, हे आधीच सांगते. पहाटे तीनला जाग यायची ती थांबली, बसमध्ये उगाच रडू फुटायचं ते थांबलं. पण रडण्याच्या पाठोपाठ हसूही गेलं. लेकीच्या शाळेत नाटक होतं. आजूबाजूच्या सगळ्या आया डोळे पुसत होत्या आणि मी एसीचा आवाज ऐकत बसले होते.

आमच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. सगळे त्यांना आंटी म्हणतात. मी काही बोलले नव्हते, त्यांनीच ओळखलं आणि त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. इथे २००० सालच्या कायद्यापासून चिनी वैद्यांना नोंदणी करावी लागते, यांची नोंदणी आहे, मी यादीत पाहिली. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग प्रश्न विचारले. बरगड्यांखाली ताठल्यासारखं होतं का? सारखे उसासे येतात का? घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही, असं वाटतं का? पाळीच्या आधी छाती जड होते का? सगळ्यांची उत्तरं हो. निदान काय, तर यकृताची 'छी', म्हणजे शरीरातली चलनशक्ती, तुंबली आहे.

माझ्या डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला होता. त्यात घशाचा प्रश्न नव्हता.

औषध दिलंय शियाओ याओ वान. मिऱ्याहून लहान काळ्या गोळ्या, आठ-आठ, दिवसातून तीनदा. वैद्यांनी डॉक्टरांची गोळी बंद करा असं म्हटलं नाही. आंटी मात्र लिफ्टमध्ये म्हणाल्या की तीन महिन्यांत ती सुटेल. डबी आठवडाभर स्वयंपाकघरात पडून आहे, उघडली नाही. कुणाला अनुभव आहे का? दोन्ही एकत्र चालतं का?

गवतीचहा
शनिवार, रात्री ११:३२

घट्ट मिठी. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय. पहिल्यांदा लिहिलंस आणि इतकं नेमकं लिहिलंस.

शंकासूर
शनिवार, रात्री ११:४०

चिनी माल? वॉरंटी किती दिवसांची? हलकेच घ्या.

टेकडीवरची
रविवार, सकाळी ७:०५

शंकासूर, प्रत्येक धाग्यावर पचकलंच पाहिजे असा नियम आहे का?

मनकवडा
रविवार, सकाळी ९:२०

मी नाशिकला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून उपचार सांगणार नाही. पण काही गोष्टी न बोलता पुढे जाववत नाही.

आंटींचं ऐकून गोळी एकदम बंद करू नका. ही औषधं अचानक सोडली की चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं वाटतं. मग पेशंट म्हणतो, बघा, गोळीचं व्यसन लागलं. व्यसन नव्हे ते. मेंदूने गोळीशी जुळवून घेतलेलं असतं, ते उलट फिरायला वेळ लागतो. सोडायचीच झाली तर पायरी-पायरीने, डॉक्टरांच्या नजरेखाली.

आणि 'हसू गेलं' हे तुम्ही इथे आम्हा अनोळखी लोकांना लिहिलंत. तुमच्या डॉक्टरांना सांगितलंत का? भावना बोथट होणं हा या गटातल्या गोळ्यांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. कधीकधी तो गोळीचा दोष नसतो, आजारच थोडा उरलेला असतो, तेव्हा मार्ग वेगळा. पण पेशंट आमच्यासमोर 'बरं आहे' म्हणतात आणि खरं शेजारणीला सांगतात. (शेजारीण वेळ देते, हे मान्य.)

डबीविषयी: या औषधात ज्येष्ठमध असतं. खोकल्याला दोन दिवस चघळायला ठीक, पण जास्त मात्रेत किंवा बराच काळ पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. एस्सिटालोप्राम हृदयाच्या विद्युत-चक्रात मात्रेप्रमाणे थोडा फरक करतं, आणि पोटॅशियम कमी असेल तर त्याचा धोका वाढतो. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर विशेष जपा. तांगग्वेई नावाची मुळी त्यात असते, ती वॉरफरीन घेणाऱ्यांना चालत नाही, रक्त जास्त पातळ होतं. तुमच्या गोळीनेही रक्तस्रावाची शक्यता किंचित वाढते, म्हणून पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: जीव नकोसा वाटत असेल तर धागे वाचत बसू नका. भारतात टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बिनपाण्याची
रविवार, सकाळी ९:४८

सिंगापुरात १७६७. तोही चोवीस तास.

रेषेवरची मुंगी
रविवार, सकाळी १०:१५

नाही सांगितलं डॉक्टरांना. दर वेळी वाटतं की रडायची थांबले हेच पुष्कळ, आता हसण्याची तक्रार काय करायची.

वैद्यांनी कागदावर घटक लिहून दिलेत: छाइहू, तांगग्वेई, पांढरा पिओनी, पाइचू, फूलिंग, ज्येष्ठमध. शिवाय आलं आणि पुदिना. शेवटचे तीन तर माझ्या फडताळात आहेत.

वैद्यकाका_वाई
रविवार, दुपारी १२:३०

मी आयुर्वेदाचा. चिनी औषध मला चालवता येत नाही, म्हणून त्यावर मत देणार नाही. पण 'हे तर आपलंच' असं म्हणायचा मोह होतो, त्याबद्दल थोडं.

डिप्रेशनसाठी चिनी वैद्य वापरतात त्या दुसऱ्या एका योगात 'श्यांगफू' नावाचा कंद असतो. तो म्हणजे आपला मोथा, मुस्ता. शेतकऱ्याचा शत्रू असलेलं ते लव्हाळ्यासारखं तण. आम्ही तो ज्वरात, अतिसारात, पचनासाठी देतो. ते देतात तुंबलेली छी मोकळी करायला आणि पाळीच्या तक्रारींवर. कंद एकच, विचार वेगळा. म्हणून 'त्यांचं आणि आमचं शास्त्र एकच' म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. चरकाने रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलं आहे, एवढं मात्र दोन्हीकडे जुळतं: मन खचलं की शरीर खचतं, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं.

आणि कृपा करून 'झाडपाला आहे, अपाय काय होणार' हे वाक्य कुणी लिहू नका. सर्पगंधा आठवा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं गेलं. मग लक्षात आलं की रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल औदासीन्य येतं. ते का येतं याच्या शोधातून मेंदूतल्या रसायनांचा आणि डिप्रेशनचा संबंध जोडणारा विचार उभा राहिला. म्हणजे आज मुंगीताई जी गोळी घेतायत तिच्या आजीपणजीत आपली सर्पगंधा बसलेली आहे, आणि तीही औषध म्हणून नव्हे, उदासी आणणारी म्हणून!

मनकवडा
रविवार, दुपारी १:०२

वैद्यकाका, हे शेवटचं मी विद्यार्थ्यांना सांगायला उचलणार आहे.

ओसाकाकर
रविवार, दुपारी ३:१८

जपानमधून सलाम. इथे हे सगळं सरकारी विम्यात बसतं, त्यामुळे आमच्या घरात पुड्यांचा ढीग असतो. चीनमधून पंधराशे वर्षांपूर्वीपासून आलेलं वैद्यक जपान्यांनी आपल्या पद्धतीने घडवलं, त्याला काम्पो म्हणतात. १४८ काम्पो योगांना विमा लागू आहे, आणि वेगळा वैद्य नसतो: नेहमीचे एमबीबीएससारखे डॉक्टरच लिहून देतात. एकाच चिठ्ठीवर वर अँटिबायोटिक आणि खाली दालचिनीचा काढा. काढा म्हणजे सुकवलेले दाणे, जेवणाआधी गरम पाण्यातून. चव विचारू नका.

शियाओ याओ सानमध्ये (तुझंच औषध; सान म्हणजे चूर्ण, वान म्हणजे गोळ्या) दोन घटक वाढवून केलेला योग इथे 'कामी शोयोसान' नावाने मिळतो. पाळी जायच्या वयातल्या बायकांना सर्रास देतात. माझ्या सासूबाईंना तीन वर्षं चालू होता.

पण मुंगी, तुझ्या घशाचं वाचून थांबलो. बायकोला पहिल्या बाळंतपणानंतर हेच झालं होतं. कान-नाक-घसावाल्याने दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. फॅमिली डॉक्टरने 'हांगे कोबोकुतो' दिलं आणि गंमत म्हणून मूळ संदर्भ सांगितला. हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वी, चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय: बाईला घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा हे द्या. पुढे लोकांनी त्याला 'आलुबुखाराच्या कोयीची छी' असं नाव दिलं. कोय अडकल्यासारखी, म्हणून. बायको ते ऐकून आधी हसली, मग रडली. म्हणाली, म्हणजे अठराशे वर्षं बायकांच्या घशात हे अडकतंय आणि मला दुर्बिणीत काही नाही म्हणाले.

औषधाने बरं वाटलं का? वाटलं. औषधाने की त्या गोष्टीने की बाळ रात्री झोपायला लागलं म्हणून, देव जाणे.

आता दुसरी बाजू. कामी शोयोसानमध्ये गार्डेनियाचं फळ असतं. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होऊन गेल्याच्या केसेस जपानमध्येच सापडल्या, आता पाकिटावर तशी सूचना असते. सासूबाईंचं तेव्हाच बंद केलं. आणि त्याआधीचं 'शोसाइकोतो' प्रकरण: छाइहू असलेलाच, पण वेगळा योग, यकृताच्या जुनाट आजारावर लाखो लोक घ्यायचे. त्यातून फुप्फुसाचा दाह झालेल्यांपैकी दहा मृत्यू १९९६ मध्ये आरोग्य मंत्रालयाला जाहीर करावे लागले. मुंगी, तुझ्या साध्या शियाओ याओमध्ये गार्डेनिया नसतं, पण डबीवर 'च्या वेई' किंवा 'तान ची' असं काही लिहिलंय का बघ. ते असेल तर तुझं औषध वाढीव घटकांचं आहे.

रेषेवरची मुंगी
रविवार, दुपारी ३:५५

नाही, साधंच आहे. आंटींकडून वाचून घेतलं.

अठराशे वर्षं... तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग.

शंकासूर
रविवार, संध्याकाळी ६:११

बरं, थट्टा पुरे. खरा प्रश्न: चिनी औषधाला २०१५ चं नोबेल मिळालंय ना? मग त्यात दम असणारच की.

आकडेमोड्या
रविवार, रात्री ९:४०

शंकासूर, नोबेल 'तू योयो' नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना मिळालं, चिनी औषधाला नाही. फरक मोठा आहे. १९६७ मध्ये चीनने हिवतापावर गुप्त प्रकल्प काढला, ५२३ नावाचा. तू योयोंच्या गटाने जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंगने लिहिलं होतं की छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळा, असं लिहिलं नव्हतं. त्यावरून बाईंना सुचलं की उष्णतेने कामाचं द्रव्य नष्ट होत असावं, म्हणून त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला. आधी स्वतः घेतला. पुढे त्यातून एक शुद्ध रेणू निघाला, आर्टेमिसिनिन, आणि त्याची मलेरियावर चाचणी झाली. ग्रंथाने बोट दाखवलं, सिद्ध केलं प्रयोगशाळेने. डिप्रेशनच्या काढ्यांबाबत बोट दाखवून झालंय, पुढचं काम अर्धवट आहे.

चाचण्या नाहीत असं नाही. ढीग आहे. चिनी नियतकालिकांत शियाओ याओ सानवर भरपूर छापलंय आणि निष्कर्ष जवळपास नेहमीच चांगला येतो. हेच खटकतं. १९९८ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या तपासल्या: त्या-त्या देशात किती टक्के चाचण्यांमध्ये नवा उपचार सरस ठरला? अ‍ॅक्युपंक्चर सोडून इतर उपचारांत इंग्लंडमध्ये ७५, जपानमध्ये ८९, तैवानमध्ये ९५, रशिया-सोव्हिएत संघात ९७ आणि चीनमध्ये ९९. वर्गातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांचा पहिला नंबर आला तर पेढे वाटायचे की मास्तरांची चौकशी करायची? २०१५ मध्ये चीनच्याच औषध नियामकाने प्रलंबित १६२२ अर्जांच्या कंपन्यांना सांगितलं, तुमची चाचण्यांची माहिती स्वतः तपासा, खोटी निघाली तर कारवाई करू. ८० टक्क्यांहून जास्त अर्ज मागे घेतले गेले किंवा बाद झाले. ते सगळ्या प्रकारच्या औषधांचे होते, काढ्यांचे नव्हेत, पण वातावरण समजावं म्हणून सांगितलं.

काढ्यांच्या चाचण्यांची नेहमीची रचना अशी: एका गटाला गोळी, दुसऱ्याला गोळी अधिक काढा. दुसऱ्याला जास्त बरं वाटलं. खोटा काढा कुणालाच दिलेला नसतो, म्हणजे आपल्याला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत. डिप्रेशनमध्ये हे चालत नाही. या आजाराच्या औषधचाचण्यांत नुसत्या खोट्या गोळीने ३५ ते ४० टक्के लोकांना ठळक बरं वाटतं. खोटा काढा ठेवून केलेल्या थोड्या चाचण्याही आहेत, काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत, त्यामुळे 'सगळं थोतांड' मी म्हणणार नाही. 'माहीत आहे' असंही म्हणणार नाही.

उंदरांचं तर बोलूच नका. पाण्याच्या भांड्यात उंदीर टाकतात. किती वेळ धडपडतो आणि केव्हा नुसता तरंगायला लागतो, ते मोजतात. काढा दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडला की बातमी: 'प्राचीन औषध डिप्रेशनवर गुणकारी'. उंदीर तरंगतो तो निराश झाला म्हणून की शहाणा झाला म्हणून, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

मनकवडा यांनीही कॉलर फार ताठ करू नये. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. एकवीसच्या एकवीस गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या, पण फरक बहुतेकींचा माफक.

मनकवडा
रविवार, रात्री १०:०५

कॉलर कधीच ताठ नव्हती. माफक फरक हा सरासरी आहे, आणि माझ्यासमोर सरासरी माणूस कधी येत नाही. बाकी सगळं मान्य.

आकडेमोड्या
रविवार, रात्री १०:२०

एक राहिलं. चीनमध्ये सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी अधिकृत मंजुरी मिळालेली एक वनस्पती-कॅप्सूल आहे, शुगान च्येयू, २००८ पासून. तिच्यात दोनच वनस्पती, आणि त्यातली एक सेंट जॉन्स वर्ट. ती काही जुन्या चिनी काढ्यांतली नायिका नव्हे. ती युरोपातली, जर्मन डॉक्टरांची लाडकी. त्याच २००८ साली कॉक्रेनने (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) तिच्यावरच्या २९ चाचण्या, ५४८९ रुग्ण, एकत्र तपासले: खोट्या गोळीपेक्षा सरस, नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीची, दुष्परिणाम कमी. म्हणजे 'चिनी' लेबलाखालचा भक्कम पुरावा युरोपच्या झुडपाचा.

पण मुंगी, तुझ्यासाठी हीच सगळ्यात धोक्याची. एस्सिटालोप्रामबरोबर सेंट जॉन्स वर्ट घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून जिवावर बेतू शकतं. गर्भनिरोधक गोळ्याही ती निकामी करू शकते. कुणी 'शुगान च्येयू' दिलं तर हात लावू नकोस. नावं दिसायला सारखीच असतात.

उंबरठा
सोमवार, पहाटे १:१५

झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ. तीन वर्षं गोळ्या चालू होत्या, नोकरी करत होता. आमच्या गावाजवळ एक जण 'तिबेटी-चिनी' पुड्या देतो असं कळलं. नाव लिहित नाही. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, आधीचं विष बंद केल्याशिवाय माझं औषध लागू पडणार नाही. भावाने बंद केलं. पहिले पंधरा दिवस तो इतका छान झोपला की आई त्या माणसाला नारळ देऊन आली. मग पुड्या संपल्या, त्या माणसाने भाव वाढवला, आणि दोन दिवसांत भाऊ थरथरायला लागला. डॉक्टरांनी लक्षणं ऐकून सांगितलं की पुडीत बहुतेक झोपेची इंग्रजी गोळीच कुटून घातली असणार. तपासायला पुडी शिल्लक नव्हती.

भाऊ आहे. वर्ष लागलं. आई अजून त्या नारळाचं बोलते.

गवतीचहा
सोमवार, सकाळी ६:५०

उंबरठा, बरं झालं लिहिलंत.

बिनपाण्याची
सोमवार, सकाळी ८:३०

पुडीत इंग्रजी औषध लपवणं हा इथला जुनाच प्रकार. सिंगापूर आणि हाँगकाँगची आरोग्य खाती अशा मालाची नावं वेळोवेळी जाहीर करतात. आणि बेल्जियमचं प्रकरण लक्षात ठेवा. १९९० च्या आसपास वजन उतरवण्याच्या उपचारात एका चिनी मुळीऐवजी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी आली. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. फांगची आणि ग्वांगफांगची, एका अक्षरजोडीचा फरक.

मुंगी, तुझ्या डबीवर नोंदणीचा क्रमांक आहे ना? रस्त्यावरच्या सुट्या पुड्यांपेक्षा ते खूपच बरं.

बखरवाचक
सोमवार, दुपारी २:४५

'डिप्रेशनवर चिनी औषध' हा शब्दप्रयोगच जरा तपासून घ्यायला हवा.

शियाओ याओ सान सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं, सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळांच्या सूत्रसंग्रहातलं. तिथे ते कशावर सांगितलंय? रक्त कमी पडून आलेला थकवा, तळहात-तळपाय भाजणं, अंगदुखी, डोकं जड, छातीत धडधड, अन्न न जाणं, पडून राहावंसं वाटणं, पाळीची अनियमितता. उदासी हा शब्द नाही. नाव मात्र सुरेख: मोकळ्या मनाने रमतगमत हिंडण्याचं चूर्ण. च्वांगत्झू या तत्त्वज्ञाच्या पहिल्याच प्रकरणाच्या शीर्षकातून आलेलं. चौदाव्या शतकात चू तान्शी नावाच्या वैद्याने 'यू' म्हणजे तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले: छी, रक्त, कफ, ओल, आग आणि अन्न. आजच्या चिनी भाषेत डिप्रेशनला जो शब्द आहे त्यात हाच 'यू' बसलाय, पण अर्थ मधल्या काळात पार बदलला. कॉलेजात शिकवतात ती सुटसुटीत चिनी वैद्यकपद्धती तर १९५० च्या दशकात बांधली गेली. पहिली चार सरकारी महाविद्यालयं १९५६ ची.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्थर क्लाइनमन नावाचे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ १९८० मध्ये हूनानमधल्या चांगशाला गेले. तिथे 'मज्जातंतूंची दुर्बलता' असं निदान झालेले शंभर रुग्ण त्यांनी तपासले. अमेरिकी कसोटीने त्यातल्या ८७ जणांना डिप्रेशन होतं. पण ते आले होते डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर घेऊन. माओची सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. 'मी निराश आहे' म्हणणं हा विचारांतला दोष ठरायचा, राजकीय दोष. डोकं दुखणं सुरक्षित होतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? माझी आजी कधी 'मी दुःखी आहे' म्हणाली नाही. 'अंगात कणकण आहे', 'जिवाला बरं नाही', 'छातीवर धोंडा ठेवल्यागत झालंय'. तिला नऊ प्रश्नांचा कागद दिला असता तर नवांपैकी दोनला हो म्हणाली असती. त्या वैद्याने मुंगीला बरगड्या आणि घसा विचारला, तो तिला तिच्याच बोलीत बोलला, इतकंच मला यात दिसतं. औषध लागू पडणं ही पुढची आणि वेगळी गोष्ट.

टेकडीवरची
सोमवार, दुपारी ३:१०

बखरवाचक, +१००. वाचनखूण साठवली.

लंबोदर पेठेत
सोमवार, रात्री ८:००

चीन आणि औषध म्हटल्यावर आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव अजून कसं आलं नाही?

बखरवाचक
सोमवार, रात्री ८:२५

कारण ते चिनी औषधाचे नव्हते. १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. आघाडीवर अखंड शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. उलट दिशेने काही आलं असेल तर त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंमुळे: त्यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. महाराष्ट्रात तर त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. चिनी काढ्यांना मात्र भारतात अशी मान्यता नाही, आयुषच्या यादीत ते बसत नाहीत. म्हणजे मुंगी सिंगापूरला नसती तर हा धागाच निघाला नसता.

रेषेवरची मुंगी
तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

डॉक्टरांकडे डबी घेऊन गेले. हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डबीचा फोटो काढला, नोंदणी क्रमांक शोधला, घटक बघितले, रक्तदाब मोजला, पोटॅशियम आणि ईसीजी करून घेतला. दोन्ही ठीक. मग म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट बदलू, नाहीतर कशाने काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही. हसण्याचं सांगितलं. सांगताना घसा दाटला, तेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, त्यालाही आमच्यात नाव आहे, ग्लोबस, लॅटिनमध्ये गोळा. मी म्हटलं, मग विचारत का नाही? ते गप्प बसले आणि म्हणाले, विचारायला हवं. एस्सिटालोप्रामची मात्रा थोडी खाली आणली आहे, सहा आठवड्यांनी परत बघायचं. शिवाय दर पंधरवड्याला समुपदेशन.

आंटींना सांगितलं की इतक्यात तुमच्या गोळ्या घेत नाही. दोन दिवस फुगल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वाडगा घेऊन दारात उभ्या. लिलीच्या कंदाच्या पाकळ्या, लाल खजूर (म्हणजे सुकी चिनी बोरं) आणि कमळबिया. म्हणाल्या, हे औषध नाही, सूप आहे, याला तुझ्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

ओसाकाकर
गुरुवार, रात्री १०:५२

चिनी भाषेत काढ्याला आणि सूपला शब्द एकच, तांग. आंटी तुला पक्क्या गंडवतायत.

वैद्यकाका_वाई
शुक्रवार, सकाळी ७:४०

ओसाकाकरांनी ज्या चांग चोंगचिंगचं सांगितलं, त्याचाच आणखी एक योग आहे. उगाच रडू येणाऱ्या, सारख्या जांभया देणाऱ्या बाईसाठी. घटक तीनच: गहू, लाल खजूर, ज्येष्ठमध. वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, ही तर आमच्या घरची गव्हाची खीर, फक्त गुळाच्या जागी ज्येष्ठमध.

गवतीचहा
शुक्रवार, सकाळी ८:०५

मुंगी, त्या सूपची कृती टाक ना. इथे पुण्यात लिलीचा कंद कुठे मिळणार म्हणा.

रेषेवरची मुंगी
शुक्रवार, सकाळी ९:१२

शनिवारी आंटींकडे शिकायला जाणार आहे, मग टाकते. एवढं कळलंय की कंद सुका असेल तर रात्रभर भिजवायचा आणि शेवटी घालायचा, फार शिजला तर विरघळून जातो. कमळबियांमधला हिरवा कोंब काढायचा, कडू असतो. पुण्यात कंदाऐवजी नुसते मखाणे घालून बघ.

शंकासूर
शुक्रवार, सकाळी ९:३०

आणि त्या गोळ्यांच्या डबीचं काय?

रेषेवरची मुंगी
शुक्रवार, सकाळी ९:४१

मोहरीच्या डब्यामागे आहे. वॉरंटी विचारत होतात ना, पुढच्या मार्चपर्यंत.